शिलाई मशीनशेजारचा रेडिओ : संशोधकांची भाषणं नऊ महिने ऐकल्यावर

आधीच सांगते, हा अनुभव रेडिओच्या डब्याचाही आहे आणि त्यातून बोलणाऱ्या माणसांचाही. डबा साडेअकराशेचा, माणसं फुकट. दोन्हींत दोष आहेत.

मी आष्ट्यात ब्लाउज शिवते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दिवसाचे आठ-नऊ तास डोळे सुईवर, हात कापडात. मोकळे राहतात ते कान. मोबाईलवर शेतीचे व्हिडिओ लावून बघितले, पण व्हिडिओवाला सारखा "हे बघा, इथं बघा" करतो, आणि बघायला गेलं की टीप वाकडी जाते. गेल्या दिवाळीत दोन गिऱ्हाइकांची उधारी एकदम वसूल झाली, तेव्हा सांगलीतून हा सेट आणला. मध्यम लहरी, लघुलहरी, एफएम. तीन मोठे सेल लागतात. काटा हातानं फिरवायचा. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, "आमचा जुना याच्या दुप्पट जड होता." सेटबद्दल त्यांनी दिलेलं मत एवढंच.

आणला होता गाण्यांसाठी. विद्यापीठातली, संशोधन केंद्रावरची माणसं मधूनच ऐकू आली आणि पुढं मी त्यांच्याचसाठी काटा तिथं ठेवायला लागले.

सेटचं आधी उरकते. सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला लागते. आष्टा सांगलीपासून वीसेक किलोमीटर, म्हणजे आवाज स्वच्छ यायला हवा. पहिला आठवडा नुसती खरखर. दुकानदार म्हणाला, बदलून देतो. मग एकदा वीज गेली आणि खरखर एकदम थांबली. तेव्हा कळलं की दोष सेटचा नाही, घरातल्या विजेचा. स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, सगळे मध्यम लहरींत घाण करतात. सगळ्यात मोठा गुन्हेगार माझ्याच पायाशी होता : मशीनची मोटर. तिच्या आतल्या कार्बनच्या ब्रशांतून ठिणग्या उडतात आणि त्या रेडिओत तडतडतात. उपाय सोपा निघाला. भाषण सुरू झालं की मोटरचा पट्टा काढते आणि पायानं मशीन चालवते. शिवण कमी होतं, पण ऐकू येतं. दुसरं म्हणजे, मध्यम लहरींना वर काढलेली दांडी काही कामाची नसते. त्यांचा अँटेना आत असतो, काळ्या कांडीवर तार गुंडाळलेला, आणि त्याला दिशा असते. आवाज बारीक झाला तर दांडी ओढत बसू नका, अख्खा सेट हळूहळू फिरवा. माझा आता कपाटाकडं तोंड करून बसलेला असतो, रुसल्यासारखा.

कोल्हापूरचं एफएम १०२.७ वर लागतं, गच्चीत चांगलं, खोलीत मर्जीप्रमाणं. साताऱ्याचं १०३.१ इथं येत नाही. माझं माहेर म्हसवडकडं. तिथं माणदेशी तरंग वाहिनी, ९०.४. बायका स्वतः माइकपुढं बसतात, आणि बोलणारी ओळखीतली असते. पण सामुदायिक रेडिओला ताकद शंभर वॅटपर्यंतचीच, त्यामुळं दहा-पंधरा किलोमीटरपलीकडं ती बाई मुकी होते. इकडच्या माणसानं तिची आशा धरू नये.

आता माणसांबद्दल.

पहिली दोन-तीन भाषणं ऐकून मी रेडिओ बंद केला होता. कुठल्या केंद्रावरची, कुणाची, ते सांगत नाही. बोलणारे साहेब कागद वाचत होते. "सदर वाणाची उत्पादनक्षमता लक्षात घेता शेतकरी बांधवांनी शिफारशीत मात्रेचा अवलंब करावा." वाक्य संपेपर्यंत माझी बाही जोडून व्हायची. ज्ञान असणार त्यांच्याकडं, पण ते आमच्याशी बोलत नव्हते. साहेबांच्या साहेबांना ऐकवत होते.

मग मे महिन्यात एकजण आले. सोयाबीनवर काम करणारे. (आमच्याकडं 'फुले संगम' पेरतात, तिचं दुसरं नाव केडीएस ७२६. त्यातलं केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन, हे मला इतकी वर्षं डिग्रजवरून एसटीनं जाऊन-येऊन माहीत नव्हतं.) त्यांनी सुरुवातच अशी केली : पोतं ट्रॉलीतून खाली टाकताना जो धप्प आवाज येतो ना, तिथंच तुमची उगवण मेली. सोयाबीनची साल पातळ असते आणि कोंब सालीच्या लगेच आत बसलेला असतो. आपटलं की तो दुखावतो, दाणा मात्र वरून टपोराच दिसतो. म्हणून मळणी यंत्र जोरात फिरवायचं नाही आणि थप्पी उंच लावायची नाही. पुढं म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. शंभर दाणे, ओलं गोणपाट, दहा-दहाच्या रांगा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, आठवड्यानं मोजा. सत्तर आले तर नेहमीचं बियाणं, कमी आले तर त्या मानानं जास्त.

मी गोणपाटाऐवजी अस्तराचा जाड सुती तुकडा घेतला. घरची दोन पोती होती. एक आमच्या पोरानं ट्रॉलीतून फेकलेलं, दुसरं मामांनी स्वतः उतरवून फळीवर ठेवलेलं. दोन्हींची वेगळी गुंडाळी केली. फेकलेल्यात ६२ उगवले, फळीवरच्यात ८१. पोराला काही बोलले नाही, फक्त दोन्ही तुकडे त्याच्या ताटाशेजारी उलगडून ठेवले. मग हिशेब : एकरी ३० किलोची शिफारस, ७० ला ३०, तर ६२ ला जवळपास ३४. तेवढं धरून पेरलं. नवरा म्हणाला, "टेलरीण आता बियाण्याचंबी माप घ्यायला लागली."

हे इतकं सविस्तर लिहिलं त्याला कारण आहे. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक सांगितलं, जे मला ६२ आणि ८१ पेक्षाही मोलाचं वाटलं. नवीन वाण चांगलं की वाईट, हे ते लोक एका वाफ्यावर ठरवत नाहीत. एकाच रानात एक कोपरा खोल मातीचा असतो, एक मुरमाड. म्हणून प्रत्येक वाण तीन-चार ठिकाणी लावायचं आणि कुठलं कुठं येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे आवडत्या वाणाला चांगला कोपरा द्यायचा मोह होत नाही. असं हंगामामागून हंगाम. हे ऐकल्यावर माझा दोन पोत्यांचा प्रयोग किती लहान आहे तेही कळलं. दोन्ही पोती एकाच दिवशी मळलेली होती का, हे मला आता कुठं आठवतंय?

तेव्हापासून मी भाषण जोखायची एक पद्धत ठरवली. 'हे करा' सगळेच सांगतात; औषधाच्या दुकानातला पोऱ्याही सांगतो. 'हे आम्हाला कसं कळलं' आणि 'इथवर कळलंय, पुढं नाही' हे जो सांगतो, त्याच्यासाठी मी मोटरचा पट्टा काढते. बाकीच्यांना मोटर चालू ठेवून ऐकते.

जूनमध्ये नदीवर एक भाषण झालं. आमच्याकडं पावसाळ्यात लहान पोरालाही सांगलीच्या इर्विन पुलाखालची कृष्णेची पातळी पाठ असते : ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ ला ती ५७ च्या वर गेली, तेव्हाचं काय सांगायचं. पण टीएमसी (अब्ज घनफूट) आणि क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) यांत मी कायम घोटाळा करायची. बोलणाऱ्या बाईंनी सांगितलं, टीएमसी म्हणजे हंड्यात किती मावतं ते, क्युसेक म्हणजे तोटीतून किती वेगानं पडतं ते. लाखभर क्युसेक अख्खा दिवस सोडलं तर साडेआठ टीएमसीच्या वर पाणी जातं. कोयनेत सगळं मिळून १०५ टीएमसी मावतं. मामांनी लगेच भागाकार केला आणि गप्प बसले. पुढं बाई म्हणाल्या की सांगलीचं पाणी निव्वळ कोयनेच्या दारांवर ठरत नाही. धरणाखाली पडणारा पाऊस थेट नदीत येतो, आणि हरिपूरला वारणा येऊन मिळते. कृष्णा फुगलेली असली की वारणेचं पाणी तिथं अडतं आणि दोघींचं मिळून मागं चढतं. संगमावर किती वेळा गेलेय मी, पण तो संगम असा डोळ्यांपुढं आला नव्हता. आणि पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात, तेव्हा सेलवरचा डबा हाताशी असलेला बरा. तीन जादा सेल गव्हाच्या डब्यात ठेवलेत.

कासच्या पठारावरचं भाषण शेतीचं नव्हतं. ते लागलं तेव्हा आत्ती, म्हणजे सासूबाईसुद्धा भाजी निवडायची थांबवून ऐकत बसल्या. आम्ही मागं दोन गाड्या करून कासला गेलो होतो. फुलं बघितली, फोटो काढले, भजी खाल्ली. तिथं जे दिसलं नाही ते इथं कळलं. कातळावर मातीचा थर इतका पातळ आणि निकस की काही झाडं किडे धरून खातात. दवबिंदू नावाचं झाड पानावर चिकट थेंब घेऊन बसतं. किडा पाणी समजून येतो आणि अडकतो. मातीत नत्र नाही म्हणून ते किड्यातून घ्यायचं. वायतुरा नावाच्या फुलाच्या शास्त्रीय नावात चक्क 'सातारेन्सिस' आहे. आत्ती म्हणाल्या, "म्हंजे त्येचं आडनाव सातारकर." फुलांवरचं भाषण रेडिओवर काय रंगणार, असं वाटलं होतं. उलट बोलणाऱ्याकडं दाखवायला चित्र नव्हतं, म्हणून त्याला नीट सांगावं लागलं.

आता तक्रार. गेल्या हंगामात आमच्या हळदीत एका कोपऱ्यात कंदकुज झाली. एकाच ओळीत, एकाच ढिगातल्या बेण्यातून, चार गड्डे चांगले आणि पाचवा कुजका. जानेवारीत पोस्टकार्ड टाकलं. कुठं ते सोडा. दीड महिन्यानं कार्यक्रमात उत्तर आलं : पाण्याचा निचरा करावा, बेणे प्रक्रिया करून लावावे. अहो, पण ते सगळ्यांना माहीत आहे. मी विचारलं होतं की निचरा सगळीकडं सारखाच असताना हाच का कुजला. परत पत्र लिहिलं, आजतागायत उत्तर नाही. रेडिओचं हेच दुखणं. तिकडून इकडं पूर येतो आणि इकडून तिकडं थेंबसुद्धा चढत नाही.

हे आधी जमलं होतं, हे कळल्यावर तर जास्त राग आला. रेडिओच्या इतिहासावर एक भाषण झालं, त्यात होतं. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं. प्रत्येक गावात माणसं एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायची, रेडिओ बंद झाला की त्यावर आपापसात बोलायची, शंका उरल्या तर केंद्राला कळवायची आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळायची. ऐकून सोडून देण्यापेक्षा असं बसून बोललं की जास्त लक्षात राहतं, हेही त्यात दिसलं. पाच जिल्ह्यांत उत्तर सातारा होता. आपली सांगली तेव्हा दक्षिण सातारा होती, आणि ती यादीत नव्हती. मामांना सांगितलं तर म्हणाले, "व्हय, आमच्या वाटणीला सदा नुसतं पाणीच."

त्यावरून आम्ही घरातल्या घरात चालू केलं. शनिवारी दुकान बंद करून शेजारच्या दोघीजणी येतात, आठवड्यात ऐकलेलं आठवायचं. एकीला निम्मं आठवतं, दुसरीला उरलेलं, आणि दोघींचं जुळलं नाही की भांडण. रेडिओवरचं भाषण मागं फिरवता येत नाही, म्हणून मी आता खडूनं ब्लाउजच्या कागदी पॅटर्नवर आकडे लिहून ठेवते. एका गिऱ्हाइकाच्या मापात '३४ किलो' गेलं होतं. बिचारी घाबरली.

गुण द्यायचेच तर सेटला पाचपैकी चार. सेल साधारण दीड महिना जातात, काटा मात्र गरम दिवसात जरा सरकतो. भाषणांना तीन. कागद बाजूला ठेवून बोलले तर चार, आणि दुसऱ्या पत्राला उत्तर दिलं तर मी पाचही देईन. ज्यांचं काम हातानं चालतं, शिवणारे, वेणी-गजरे करणारे, द्राक्ष बागेत विरळणीला जाणारे, त्यांनी जरूर घ्यावा. टेबलाशी बसून वाचायची सवय असलेल्यांना कंटाळा येईल.

या ऑगस्टमध्ये हळदीच्या त्याच कोपऱ्यात पुन्हा दोन रोपं पिवळी पडलीत. ओढली तर अलगद हातात आली. येत्या मंगळवारी अस्तर आणायला सांगलीला जायचंय. डिग्रजचं संशोधन केंद्र वाटेतच आहे. एक कुजका आणि त्याच ओळीतला एक चांगला, असे दोन गड्डे मातीसकट पिशवीत घेऊन तिथं उतरणार आहे.