टीडीसॅट की नागपूर खंडपीठ? विदर्भातील केबलचालकासाठी तुलनात्मक आढावा

विदर्भाच्या खेड्यापाड्यांत केबलची वसुली कापूस आणि सोयाबीन विकल्यावरच होते, केबलचालकाला वाहिन्यांचे सिग्नल पुरवणाऱ्या एमएसओचे (मल्टी-सिस्टम ऑपरेटरचे) बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येते. थकबाकीचा वाद बहुधा या फटीतच जन्मतो आणि एखाद्या सकाळी गावभर फीड, म्हणजे सिग्नल, बंद पडते. अशा वेळी स्थानिक केबलचालकासमोर दोन दारे असतात: दिल्लीतील दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरण, म्हणजे टीडीसॅट, आणि विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी असलेले मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, पण ट्राय (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण) कायदा, 1997 च्या कलम 15 ने न्यायाधिकरणाच्या कक्षेतील वादांपुरते ते दार बंद केलेले आहे.

जवळचे दार साहजिकच आधी आठवते. मात्र निवड अंतरावरून नव्हे, तर आदेश किंवा कृती कोणाची आणि वाद कशाचा यावरून करावी लागते.

टीडीसॅटची स्थापना 2000 मध्ये ट्राय कायद्यातील दुरुस्तीने झाली आणि जानेवारी 2004 मध्ये प्रसारण व केबल सेवा त्याच्या कक्षेत आल्या. परवाना देणारा आणि परवानाधारक, दोन सेवापुरवठादार, किंवा सेवापुरवठादार आणि ग्राहकांचा गट यांच्यातील वाद तेथे चालतात. एमएसओ आणि केबलचालक हे दोघेही सेवापुरवठादार असल्याने फीड तोडणे, थकबाकी, वाटणीचा हिस्सा, सेट-टॉप बॉक्सची संख्या हे सगळे वाद सरळ तेथेच जातात. ट्रायच्या 2017 च्या इंटरकनेक्शन (सेवापुरवठादारांमधील सिग्नल जोडणीच्या) विनियमांनुसार कारणे नमूद केलेली किमान तीन आठवड्यांची लेखी नोटीस दिल्याशिवाय सिग्नल तोडता येत नाही. त्यामुळे नोटीसच मिळालेली नसेल तर अंतरिम आदेशाच्या मागणीला चांगला आधार मिळतो. परंतु त्यासाठी लेखी करार हवा. आपल्याकडे अनेकांचा व्यवहार वर्षानुवर्षे तोंडी विश्वासावर चालत आला आहे, आणि करारपत्र, पावत्या व बॉक्सच्या मासिक याद्या हाताशी नसतील तर कोणतेही न्यायपीठ फारसे काही करू शकत नाही.

दिल्ली लांब आहे हे खरे, तरी या न्यायाधिकरणाची रचना लहान पक्षकाराला वाटते तितकी परकी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे बंधन तेथे नाही, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे मात्र पाळावीच लागतात. ट्राय कायद्याच्या कलम 17 नुसार पक्षकार स्वतः बाजू मांडू शकतो किंवा वकिलाप्रमाणेच सनदी लेखापाल, कंपनी सचिव अथवा परिव्यय लेखापालालाही नेमू शकतो. वाद मुख्यतः हिशोबाचा असेल तर ही सोय मोलाची ठरते. अर्ज 90 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. हे उद्दिष्ट आहे, हमी नव्हे, आणि त्या भरवशावर कर्ज काढू नये.

नागपूर खंडपीठाचा मार्ग संविधानाच्या अनुच्छेद 226 चा आहे. त्याखालील रिट, म्हणजे उच्च न्यायालयाने थेट आदेश द्यावा म्हणून केलेली याचिका, मुख्यतः शासन आणि सार्वजनिक प्राधिकरणांविरुद्ध चालते. निव्वळ कराराच्या वादात खासगी एमएसओविरुद्ध ते सहसा टिकत नाही. शिवाय किती बॉक्स चालू होते, किती रक्कम भरली, अशा वादग्रस्त वस्तुस्थितीत उच्च न्यायालय रिटमध्ये सहसा शिरत नाही. परिणामकारक पर्यायी उपाय उपलब्ध असेल तर तिकडेच जा असे सांगितले जाण्याचा धोका असतोच, आणि तेवढ्यात गेलेले महिने परत येत नाहीत. या नियमाला अपवाद आहेत: मूलभूत हक्कांचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारकक्षेबाहेरचा आदेश किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. सर्वोच्च न्यायालयाने ते 1998 मध्ये व्हर्लपूल प्रकरणात मांडले आहेत.

म्हणूनच काही बाबतींत नागपूरच योग्य ठरते. ट्रायच्या एखाद्या विनियमालाच आव्हान द्यायचे असेल तर टीडीसॅट ते तपासू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये बीएसएनएलच्या प्रकरणात स्पष्ट केले. ते काम उच्च न्यायालयाचे आहे. स्थानिक अधिकाऱ्याने म्हणणे न ऐकताच कारवाई केली असेल तरीही रिटचा विचार करावा. बाजू न ऐकणे किती महागात पडते हे मीडियावन या मल्याळम वृत्तवाहिनीच्या प्रकरणात दिसले: सुरक्षा मंजुरी नाकारण्याची कारणे बंद लिफाफ्यात ठेवून परवाना नूतनीकरण नाकारले गेले होते, आणि तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने 5 एप्रिल 2023 रोजी रद्द केला. ते प्रकरणही केरळ उच्च न्यायालयातील रिटमधूनच वर गेले होते.

नोंदणी नाकारली गेली असेल तर मात्र दोन्ही दारांआधी एक पायरी आहे. जानेवारी 2025 पासून स्थानिक केबलचालकाची नोंदणी टपाल कार्यालयाऐवजी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर, पाच वर्षांसाठी, 5,000 रुपये शुल्कात होते. नकार आल्यास 30 दिवसांत त्याच मंत्रालयातील अवर सचिवांकडे अपील करता येते. ते टाळून थेट नागपूर गाठल्यास पहिला प्रश्न हाच विचारला जाईल.

टीडीसॅटच्या अंतिम निर्णयाविरुद्ध अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, 90 दिवसांत आणि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच करता येते. अंतरिम आदेशावर असे अपील नाही. तेव्हा हिशोबाची चूक पुढे दुरुस्त करून घेऊ या आशेवर राहण्यात अर्थ नाही, कागद पहिल्याच टप्प्यावर पूर्ण हवेत.

थकबाकीसाठी एमएसओ स्वतःही टीडीसॅटमध्ये अर्ज करू शकतो, ही बाजू अनेकांच्या ध्यानातच येत नाही. तसा अर्ज झाल्यावर निवडीचा प्रश्न उरत नाही, कारण दार दुसऱ्याने निवडलेले असते. दिल्लीची नोटीस आहे म्हणून ती बाजूला ठेवली तर एकतर्फी आदेश होऊ शकतो, आणि कलम 19 नुसार तो अंमलबजावणीसाठी स्थानिक अधिकारक्षेत्र असलेल्या दिवाणी न्यायालयाकडे पाठवता येतो. म्हणजे जे प्रकरण लांब म्हणून सोडून दिले, तेच वसुलीसाठी आपल्याच जिल्ह्यात येऊन उभे राहते, आणि तेव्हा हिशोब दाखवण्याची वेळ निघून गेलेली असते.