कारवारची होडी : रेटिंगमधला अर्धा तारा सुतळीसाठी कापला

आधीच सांगते, वेगाची हौस असेल तर ही फेरी घेऊ नका. काळी नदीच्या मुखाशी स्पीडबोटी डॉल्फिनमागं अशा सुटतात, जणू थकलेली उधारी वसूल करायची आहे. आम्ही घेतली ती उलांडीची, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला लाकडी ओंडका बांधलेली, जुनी होडी. मागं लहानसं इंजिन, आम्ही तिघं आणि होडी चालवणारे तांडेल मामा. अर्ध्या दिवसाचे 3,000 रुपये, आदल्या रात्री फोनवर ठरवून.

आम्ही बेळगावच्या शहापूरची माणसं. खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरलो, कारवारात मुक्काम केला आणि सकाळी साडेसहाला कोडीबागेत हजर. सदाशिवगडावर अजून धुकं होतं.

कूर्मगड बेटाच्या अलीकडे मामांनी इंजिन बंद केलं. आमच्या ह्यांचा कापडाचा धंदा, गिऱ्हाइकाशी बोलायची सवय. पाचव्या मिनिटाला विचारलंच, "मामा, आणि किती वेळ ओ?"

"मातशें ओगी रावात."

गप्प बसा, एवढं कळलं. मग नुसतं उलांडीवर पाणी आपटल्याचा आवाज. आणि एकदम मागून, सायकलच्या ट्यूबची हवा सोडावी तसा 'फुस्स'! वळून बघतोय तर राखाडी पाठ, तिच्यावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, त्यावर छोटा पर. तीन होते. एक पिल्लू, आईच्या कुशीला लागलेलं. हे डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातले, नदीमुखाशी मासळीवर जगणारे. उड्या बिड्या काही मारल्या नाहीत. श्वास घ्यायला वर आले, खाली गेले. वीस मिनिटं होडीभोवतीच फिरत होते. मुलीनं मोबाईल काढला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

कूर्मगड खरंच पाठ वर काढून बसलेल्या कासवासारखा दिसतो. वर नरसिंहाचं देऊळ आहे, जानेवारीत जत्रेला लोक होड्यांनी जातात. आम्ही उतरलो नाही. खडकावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड मासा फाडत बसलेला, त्याला उठवायला मामा तयार नव्हते.

तिथून माजाळीपुढं तिळमाती. दोन्हीकडे खडक, मध्ये चिमुकली खाडी आणि काळी रेती. मूठभर हातात घेतली तर संक्रांतीचे तीळच, आमच्या आईनं निवडायला बसवलं असतं. खडकांना कालवं चिकटलेली, म्हणून होडी किनाऱ्याला लावली नाही, गुडघाभर पाण्यातून चालत गेलो. चपला काढू नका, कालवाची धार ब्लेडसारखी असते. माझ्या टाचेनं ते शिकून घेतलंय. मुलीनं रेतीची पुडी बांधली होती, मामांनी ती सोडायला लावली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथंच खाल्ली.

आता तक्रारी. एका लाइफ जॅकेटची कडी तुटलेली, सुतळीनं बांधून दिली. हे चालणार नाही, तोंडावर सांगितलं. सावलीला कापडही नाही. बायकांसाठी महत्त्वाचं : चार तास कुठंच सोय नाही, सकाळचा चहा बेतानंच घ्या. पावसाळ्यात फेरी बंद.

उतरताना मामांना कुंद्याचा, आमच्या बेळगावच्या मिठाईचा, डबा दिला. परतीला अणशी घाट चढेपर्यंत हे गप्प. जोयड्यात चहाला थांबलो तेव्हा पहिलं वाक्य आलं, "आणि पाव किलो द्यायला पाहिजे होता की गं."