डब्ल्यू-२ की १०९९? ताशी रेटच्या पलीकडचा हिशेब

रिक्रूटर फोनवर विचारतो, "डब्ल्यू-२ वर ताशी ६०, १०९९ वर ७५. कसं करू?" अमेरिकेत डब्ल्यू-२ म्हणजे मधल्या कंपनीचा (कन्सल्टन्सीचा) पगारी नोकरदार, १०९९ म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार; ही नावं त्या-त्या कराच्या फॉर्मची. १५ डॉलरचा फरक ऐकून जीभ आपोआप १०९९ म्हणायला वळते. एच-१बी या कामाच्या व्हिसावाल्यांपुढे हा प्रश्नच नाही, त्यांना नोकरदार म्हणूनच काम करावं लागतं. ग्रीन कार्ड किंवा एच-४ ईएडी (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा कामाचा परवाना) असेल तर मात्र निवड आपली. मी दोन्ही करून डब्ल्यू-२ वर थांबलो. तेव्हा पुढचं सगळं थोडं सावधपणे वाचा.

आधी ते १५ डॉलर. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) कराचे ६.२ आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) कराचे १.४५ टक्के कंपनी आपल्या बाजूने भरते. १०९९ वर तो वाटाही तुमच्याच डोक्यावर येतो. ६० च्या रेटवर ते साधारण ४.६ डॉलर होतात. डब्ल्यू-२ वर वर्षाला २० दिवस भरपगारी सुट्टी मिळत असेल, तर उरलेल्या १,९२० तासांवर तिचे ताशी ५ डॉलर पडतात. कंपनी आरोग्य विम्यात महिना १,५०० घालत असेल, तर आणखी ९.४. म्हणजे ६० ची बरोबरी ७९ ला होते, ७५ ला नाही. अर्ध्या सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सची (हेच वरचे दोन कर, दोन्ही वाटे मिळून) वजावट, घरातलं ऑफिस, सोलो ४०१(के) (एकट्या व्यावसायिकाचं निवृत्ती खातं) यांनी हा आकडा खाली येतो, हे खरं. पण अनेक कन्सल्टन्सी डब्ल्यू-२ ताशी रेटवर ना सुट्टी देतात ना विम्यात हातभार लावतात. तसं असेल तर ही बेरीज कोसळते आणि १०९९ चं पारडं जड होतं. जोडीदाराच्या नोकरीतून विमा असेल तरीही तेच. म्हणून "बेनिफिट्स आहेत" यावर न थांबता कंपनी विम्यात महिन्याला नेमके किती डॉलर घालते ते विचारा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी १०९९ वरच राहिलो असतो. मला नको झालं ते बिलाच्या मागे धावणं. करारात लिहिलेलं असतं "नेट ४५", म्हणजे ४५ दिवसांत पैसे. ते ४५ दिवस इनव्हॉइस पाठवल्यापासून मोजायचे असं आपण धरतो. समोरचा मोजतो टाइमशीट मंजूर झाल्यापासून, आणि मंजूर करणारा मॅनेजर दोन आठवडे रजेवर. मधल्या एजन्सीची अट वेगळीच: क्लायंटने दिले की आम्ही देऊ. पहिल्या महिन्याच्या कामाचे पैसे तिसऱ्या महिन्यात हातात पडतात. उशिराचं व्याज मागावं तर कराराची पुढची मुदतवाढ हातची जाईल, म्हणून गप्प बसायचं.

त्यात तिमाही कर, कारण १०९९ वर तो कुणी आधी कापून घेत नाही. १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. कर हातात आलेल्या रकमेवरच लागतो, हे मान्य. पण दंड टाळायला बहुतेक जण गेल्या वर्षीच्या कराइतकी रक्कम (तेव्हाचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर असेल तर ११० टक्के) चार सारख्या हप्त्यांत भरतात, आणि तो हप्ता तुमचा चेक आला की नाही ते बघत नाही. फॉर्म २२१० (कमी हप्ता भरल्याच्या दंडाचा फॉर्म) च्या शेड्यूल एआयमध्ये तिमाहीवार उत्पन्न दाखवून दंडातून सुटता येतं. पण ते शेड्यूल एकदा भरून पाहा, मग बोलू.

डब्ल्यू-२ वर हे झंझट नाही. क्लायंटने कन्सल्टन्सीला पैसे दिले नाहीत म्हणून तुमचा पगार अडवता येत नाही. अडवलाच तर राज्याच्या कामगार खात्यात तक्रार करता येते.

प्रोजेक्ट संपला की दुसरा फरक कळतो. बेकारी भत्ता डब्ल्यू-२ वाल्यांनाच मिळतो. २०२० च्या मार्चमधल्या कायद्याने १०९९ वाल्यांनाही तो दिला, पण सप्टेंबर २०२१ मध्ये ती सोय बंद झाली. कंपनीचा विमा असेल तर कोब्रा (नोकरी सुटल्यावरही तोच विमा काही काळ चालू ठेवायची सोय) घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात (हप्ता मात्र पूर्ण तुमचा, वर २ टक्के). भेदभावाविरुद्धचे बरेचसे संघीय कायदेही नोकरदारांपुरतेच आहेत. वंशाच्या बाबतीत १८६६ चा जुना कायदा करारावर काम करणाऱ्यांनाही लागू होतो, वयाच्या बाबतीत असा आधार नाही.

लॅपटॉप त्यांचा, रोजचा स्टँड-अप (कामाची छोटी बैठक) त्यांचा, वेळ ९ ते ५, आणि कागदावर तुम्ही "स्वतंत्र कंत्राटदार", असं असेल तर आयआरएसकडे (केंद्रीय कर खात्याकडे) एसएस-८ फॉर्म भरून दर्जा ठरवून मागता येतो. निकालाला सहा महिने तरी लागतात. त्यापेक्षा काम संपल्यावर राज्याकडे बेकारी भत्त्याचा अर्ज टाकणं मला जास्त व्यवहार्य वाटतं. तुम्ही खरे नोकरदार होता का, हे मग राज्यच तपासतं.

तरीही १०९९ च घेणार असाल, आणि ८५ च्या वर रेट असेल तर मी अडवणार नाही, करारात मुदत "इनव्हॉइसच्या तारखेपासून" असं लिहून घ्या आणि "क्लायंटने दिल्यावर" हे शब्द काढायला लावा. न्यूयॉर्कमध्ये ८०० डॉलर किंवा त्याहून जास्तीच्या कामाला ३० दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे, शहरात २०१७ पासून आणि राज्यभर ऑगस्ट २०२४ पासून. पण ते ३० दिवस करारात तारीख लिहिलेली नसेल तेव्हाचे. "नेट ६०" वर सही केलीत, तर तिथेही साठच.