पहिली मोटरसायकल: आठ महिने, ६,२०० किलोमीटर

घ्यायला गेले होते ३५० सीसीची गाडी आणि घरी आणली १६० सीसीची. आठ महिने झाले. तेव्हा थोडी खट्टू झाले होते, पण निर्णय योग्य होता हे आता छातीठोकपणे सांगते.

मोठ्या गाडीवर बसून पाहिलं तेव्हा सगळं जमेल असं वाटलं होतं. पाय टेकत होते, हँडल हातात छान बसत होतं. मामा सोबत होता. तो म्हणाला, "आता इंजिन बंद ठेवून खाली उतर आणि मागे ढकल." वजन १८० किलोच्या वर. जेमतेम दोन पावलं मागे गेले, गाडी पलीकडे कलली आणि मामाने धरली म्हणून वाचली. शेजारची १४० किलोची गाडी मात्र मी एकटीने गोल फिरवून परत जागेवर लावली. "चालवताना वजन कळत नाही गं, थांबल्यावर कळतं," एवढंच मामा बोलला. सिग्नलला, पार्किंगमध्ये, उतारावर, वजन रोज तिथेच भेटतं.

सीटच्या उंचीचा आकडाही नुसता वाचून उपयोग नाही. माझ्या गाडीची सीट ७९० मिमी आहे. तेवढ्याच उंचीच्या दुसऱ्या एका गाडीवर माझे पाय टेकत नव्हते, कारण सीट रुंद होती आणि मांड्या फाकत होत्या. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले की पुरे, टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही.

पहिले चार दिवस मोकळ्या मैदानात फक्त क्लच. ॲक्सिलरेटरला हात नाही. क्लचचं लिव्हर अगदी सावकाश सोडत जायचं. एका जागी इंजिनचा आवाज जरा खाली बसतो, गाडी पुढे ओढ घेते. बोटं तिथेच थांबवायची, परत किंचित दाबायची, परत सोडायची. तिसऱ्या दिवशी ती जागा न बघता, न ऐकता सापडायला लागली. त्यानंतर गाडी बंद पडणं जवळजवळ थांबलं. मागचा ब्रेक हलका दाबून, हाफ क्लचवर (क्लच अर्धवट दाबलेला ठेवून) चालण्याच्या वेगाने आठाचा आकडा काढता येणं, हे मला ताशी ८० ने जाण्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं.

तिसऱ्या आठवड्यात पाडलीच. यू-टर्न घेत होते, हँडल पूर्ण वळलेलं, समोरून सायकलवर एक मुलगा आला आणि मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. क्षणात गाडी आडवी. गुडघा सुजला, क्लच लिव्हरचं टोक वाकलं. हँडल वळलेलं असताना पुढचं चाक अचानक थांबलं की सगळा भार आतल्या बाजूला जातो, आणि त्या वेगात गाडी सावरायला काहीच हाताशी नसतं. आता चालण्याच्या वेगात मी फक्त मागचा ब्रेक वापरते.

पण यावरून पुढच्या ब्रेकला घाबरायला शिकू नका. सरळ रस्त्यावर खरं काम तोच करतो, कारण थांबताना भार पुढच्या चाकावर येतो. तो झटकन नाही, लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्यायचा. मैदानात बाटली ठेवून मी अंतर मोजलं: ताशी ३० वरून थांबायला ८ पावलं, ६० वरून ३१. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं हे शाळेत शिकले होते, पण ती ३१ पावलं चालत मोजली तेव्हा अंगावर आलं.

वळणाचंही तसंच. ताशी २५-३० च्या पुढे उजवीकडे जायचं तर उजवं हँडल हलकेच पुढे ढकलायचं. गाडी उजवीकडे कलते आणि वळते. ऐकताना उलटं वाटतं, करून पाहिलं की पटतं. आणि नजर खड्ड्यावर ठेवली तर गाडी हमखास खड्ड्यातच जाते, म्हणून जिथे जायचंय तिथेच बघायचं.

पाचव्या महिन्यात मला सगळं येतं असं वाटायला लागलं होतं. नेमकं तेव्हाच, समोरून येणारा कारचालक सरळ माझ्याकडे बघत होता आणि तरीही माझ्यासमोर वळला. थोडक्यात वाचले. नंतर अमेरिकेतल्या हर्ट अहवालाबद्दल वाचलं. लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन केलेला तो अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिन्यांपेक्षा कमी अनुभव होता, जरी एकूण चालवण्याचा अनुभव सरासरी तीन वर्षांच्या आसपास होता. म्हणजे जुन्या चालकालाही नवी गाडी नवीच असते. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी जवळपास दोन तृतीयांश वेळा समोरच्याने मोटरसायकलचा हक्काचा रस्ता अडवला होता. आता प्रत्येक चौकात मी ॲक्सिलरेटर सोडते आणि दोन बोटं ब्रेकवर ठेवते.

गाडीच्या तक्रारी आहेत. दीड तासानंतर सीट बोचते. ताशी ८० च्या पुढे हँडल थरथरतं, तळव्यांना मुंग्या येतात. एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे. पहिल्या पावसात पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक लॉक होऊन घसरलं तेव्हा दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी का घेतली नाही, याची चुटपुट लागली. पैसे थोडे जास्त जात असले तरी तुम्ही तीच घ्या.

पहिल्या सर्व्हिसिंगनंतर चेन करकरायला लागली होती. पुस्तिकेत ढिलाई २५ ते ३० मिमी सांगितली होती, माझी चेन जेमतेम १० मिमी वर-खाली हलत होती. जास्त ताणलेली चेन बेअरिंग आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) दोन्ही झिजवते. तेव्हापासून चेन मीच बघते: मेन स्टँडवर लावून, इंजिन बंद, चाक हाताने फिरवत सर्वांत घट्ट जागा शोधायची आणि तिथे पट्टी धरून मोजायचं. दर ५०० किलोमीटरला पुसून वंगण. वीस मिनिटांचं काम, आणि मला ते मनापासून आवडतं.

हेल्मेटवर मात्र मी चुकले. पहिलं सैल घेतलं, वेगात ते वर उचललं जायचं. नव्या हेल्मेटमध्ये गाल दाबले जायला हवेत आणि मान हलवली तर ते डोक्याबरोबरच हलायला हवं. दुसरं घेतलं ते ईसीई २२.०६ या हेल्मेट-सुरक्षेच्या मानकाचं, त्यात तिरक्या आघाताचीही चाचणी असते.

मोठी गाडी कधी, असं सगळे विचारतात. मामाने परवा त्याची जड गाडी मागे ढकलायला दिली. चार पावलं गेले, कलली नाही, पण वळवता आली नाही. पुढच्या वर्षी परत ढकलून बघेन.