दोन सडांची शेळी आणि चार वाट्यांचे पॅडल: कासदाह तपासणी संचाचे परीक्षण

घरच्या शेळ्यांच्या दुधाबाबतच्या तक्रारी मोजक्याच असतात. दुधाला उग्र वास येतो, चव खारट लागते, तापवताना ते फाटते किंवा विरजण नीट लागत नाही. यांपैकी कोणत्याही तक्रारीचे मूळ कासेत असू शकते किंवा धार काढल्यानंतरच्या हाताळणीत, आणि नुसते दूध पाहून वा चाखून यातले काय ते ठरवणे अवघड असते. ‘सीएमटी’, म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट (मस्टायटिस म्हणजे कासदाह, कासेची सूज), या नावाने पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळणारा संच नेमका हाच निवाडा करण्याच्या कामाचा आहे. आमच्या संगमनेरी शेळ्यांसाठी तो नियमित वापरल्यावर माझे मत अनुकूल झाले आहे. मात्र सोबतचे माहितीपत्रक जसेच्या तसे पाळणाऱ्या शेळीपालकाची त्यात दिशाभूल होण्याचा संभव आहे.

संचात मुठीचे, चार उथळ वाट्यांचे प्लॅस्टिकचे पॅडल आणि जांभळट द्रावणाची बाटली असते. ही चाचणी १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात गाईंसाठी विकसित झाली, म्हणून वाट्या चार. शेळीसाठी त्यातल्या दोन रिकाम्याच राहतात. द्रावण मुळात डिटर्जंटचे असते. कासेत जंतुसंसर्ग झाला की दुधात पांढऱ्या पेशींची संख्या वाढते, डिटर्जंट या पेशींचे आवरण फोडतो आणि आतील डीएनए मोकळा झाल्यामुळे मिश्रण दाटते. जांभळा रंग ब्रोमोक्रेसॉल पर्पल या दर्शकाचा असून दूध अल्कधर्मी झाले असल्यास तो गडद होतो, तर आंबट दुधात पिवळा पडतो.

वापर सोपा आहे. पहिल्या दोन-तीन धारा गडद रंगाच्या भांड्यात काढून पाहाव्यात. त्यातच गुठळ्या किंवा रक्ताचा अंश दिसला, तर या संचाची वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवावे. दूध दिसायला स्वच्छ असेल, तर प्रत्येक सडाचे दोन-तीन मिलिलिटर दूध स्वतंत्र वाटीत घेऊन तेवढेच द्रावण घालावे, पॅडल आडवे धरून गोल फिरवावे आणि दहा-पंधरा सेकंदांत निकाल वाचावा. सौम्य प्रतिक्रिया फिरवत राहिल्यास विरून जाते, त्यामुळे उशीर चालत नाही. आमच्या एका शेळीचे दूध किंचित खारट लागू लागले होते, कास मात्र हाताला गरम किंवा कडक लागत नव्हती. डाव्या वाटीतील मिश्रण पाण्यासारखे सळसळत राहिले आणि उजव्या वाटीतील अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे मध्यभागी गोळा झाले. गावात ज्याला ‘दगडी’ म्हणतात, तो कासदाह हाताला जाणवण्याआधीच असा पकडता येतो, आणि संचाची खरी किंमत याच कामात वसूल होते.

मिश्रण किती दाटले यावरून ठरणाऱ्या माहितीपत्रकातील श्रेणी मात्र गाईच्या दुधावर बेतलेल्या आहेत. निरोगी शेळीच्या दुधातही पेशींचे प्रमाण गाईपेक्षा जास्त असते. अमेरिकेत गाईच्या दुधासाठी प्रति मिलिलिटर साडेसात लाख पेशींची, तर शेळीच्या दुधासाठी १५ लाखांची मर्यादा आहे, यावरून हा फरक किती मोठा आहे हे ध्यानात यावे. वेताच्या अखेरीस, माजाच्या काळात आणि विल्यानंतर चीक असतानाचे पहिले काही दिवस हे प्रमाण आणखी चढते. त्यामुळे दोन्ही वाट्यांत सारखीच हलकी दाटी आली, तर माहितीपत्रकात ती पहिल्या श्रेणीत बसत असली तरी घाबरून प्रतिजैविके सुरू करण्याचे कारण नाही. शेळीत दोन्ही बाजूंमधील तफावत पाहायची असते. दर पंधरवड्याला तपासून नोंद ठेवली, तर त्या शेळीचे नेहमीचे प्रमाण कळते आणि बदल चटकन लक्षात येतो.

दोन्ही वाट्या निर्दोष निघाल्या आणि तरीही दुधाला वास येत असला, तरी चाचणी वाया जात नाही, कारण आता शोध गोठ्यात आणि स्वयंपाकघरात घ्यायचा हे ठरते. शेळीच्या दुधाचा उग्र वास प्रामुख्याने कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही आम्ले स्निग्धांशातून सुटी झाल्यामुळे येतो. दूध जोराने ढवळले, घुसळले किंवा कोमट अवस्थेत तसेच ठेवले, की ती लवकर सुटतात. म्हणून धार काढताच दूध गाळून भांडे गार पाण्यात ठेवावे आणि नंतर फ्रिजमध्ये हलवावे. बोकड शेळ्यांजवळ बांधलेला असेल, तर त्याची जागा बदलावी. कांद्याची पात किंवा लसूण यांसारखा वासाचा चारा धारेनंतरच टाकावा. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दूध ठेवण्याची सवय काही घरांत अजून दिसते. तांब्याच्या अंशामुळे स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण होऊन दुधाला पुठ्ठ्यासारखी चव येते, तेव्हा स्टीलचे भांडेच वापरावे.

संचाच्या रचनेबाबत तक्रारी आहेत. बुटक्या शेळीखाली पॅडल धरून थेट धार मारणे ही कसरतच आहे, पाय झटकल्यास सगळे सांडते. त्यापेक्षा दोन छोट्या भांड्यांत धार काढून दूध वाटीत ओतावे. आम्हाला मिळालेले माहितीपत्रक फक्त इंग्रजीत होते, आणि बाटलीतील द्रावण तयार आहे की पाणी घालून पातळ करायचे, हे लेबलवर इतक्या बारीक अक्षरांत लिहिले होते की चष्मा लावूनही पुन्हा पुन्हा वाचावे लागले. वापरलेले मिश्रण करडांच्या किंवा कुत्र्याच्या भांड्यात जाऊ देऊ नये, हेही ठळकपणे सांगायला हवे होते.

धुण्याच्या पावडरीचे तीन टक्क्यांचे द्रावण, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम पावडर, हा याच तत्त्वावरचा स्वस्त पर्याय आहे. दाटी त्यातही येते, रंगाचा संकेत मात्र मिळत नाही. एकच शेळी असलेल्यांनी त्यावर भागवण्यास हरकत नाही; दोन-तीन शेळ्यांपुढे संच घेणे योग्य. रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांची शिफारस मी करणार नाही, कारण त्या केवळ आम्लता मोजतात आणि सौम्य संसर्ग त्यांच्या नजरेतून सुटतो.

कोणता जंतू आहे, हे यांपैकी कोणतेही साधन सांगत नाही, आणि दुधातून माणसालाही होऊ शकणारा ब्रुसेलोसिससारखा रोग नसल्याची खात्री सीएमटीच्या निर्दोष निकालाने मिळत नाही, त्यामुळे दूध उकळूनच प्यावे. एका बाजूची दाटी पुढच्या तपासणीतही कायम राहिली, तर सडाचे टोक स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा टाकून देऊन निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यावा आणि बर्फात ठेवून पशुवैद्यकांमार्फत पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा जवळच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. हा नमुना प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन देण्याआधी घेतलेला असावा, अन्यथा प्रयोगशाळेत जंतू वाढतच नाहीत.