सशांसाठी वाळलेलं टिमोथी गवत, सेकंड कट (दुसऱ्या कापणीचं), १ किलो: कापशीच्या पोटासाठी घेतलं, पाच बॅगांनंतरचा रिव्ह्यू

पाचवी बॅग संपत आली तेव्हा लिहायला बसली आहे. पहिली बॅग उघडल्यावर लगेच लिहिलं असतं तर दोनच स्टार दिले असते, कारण तेव्हा आमच्या कापशीने या गवताला तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

कापशी म्हणजे आमची सशीण, वय अडीच वर्षं, वजन पावणेदोन किलो. मुलीच्या हट्टापायी आणली. ज्या दुकानातून आणली त्यांनी सांगितलं पेलेट्स (सशाच्या खाण्याच्या तयार गोळ्या) द्या, गाजर द्या, झालं. आम्ही तेच करत होतो आणि वरून लाडाने पोळीचा तुकडा, भिजवलेले चणे, कधी बिस्किट, ती पण आवडीने खायची म्हणून काही चुकून राहिलं असं कधी वाटलंच नाही. मग मागच्या मे महिन्यात, नवतपा लागायच्या दोन-तीन दिवस आधी, ती एकदम कोपऱ्यात जाऊन बसली, पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून, आणि दात करकर वाजवून राहिली होती. मला वाटलं ऊन बाधलं. कूलर तिच्याकडे वळवला, टरबुजाची फोड ठेवली, तिने हुंगली पण नाही. रात्री ट्रे साफ करायला गेली तर सकाळपासूनची एकही लेंडी नव्हती त्यात.

तेव्हा मला माहीत नव्हतं ते आधी सांगते. ससा दहा-बारा तास खात नसेल, लेंड्या टाकत नसेल तर उद्या सकाळी बघू असं करायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. सशाला उलटी करता येत नाही. त्याचं पोट सतत चालू राहायला पाहिजे, ते मंद झालं की गॅस धरतो, गॅसने दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, खात नाही म्हणून पोट आणखी थांबतं, आणि यातच एक-दोन दिवसांत ससा जातो. याला जीआय स्टॅसिस म्हणतात. दात करकर वाजवणं हे दुखण्याचं लक्षण. आणि आपल्याकडचा उन्हाळाही याला कारण होतो, ससा तिशीच्या पाऱ्यालाच हैराण होतो अन् नागपुरात मे मध्ये ४५ असतं.

पहिला फोन जिथे केला तिथे सांगितलं की आम्ही कुत्रे-मांजरं बघतो, तुम्ही ॲमॉक्सिसिलिनचं सिरप द्या. मेडिकल बंद झालं होतं म्हणून ते देणं राहिलं. नंतर कळलं की हे औषध सशाला तोंडाने द्यायचंच नसतं, त्याच्या आतड्यातले चांगले बॅक्टेरिया मरतात, वाईट वाढतात आणि साध्या त्रासाचा जीवघेणा त्रास होतो. हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. नागपुरात ससा असणाऱ्यांनी हे एक काम आजच करून ठेवा, ससे बघणारा डॉक्टर कोण आहे ते शोधून नंबर सेव्ह करा. सेमिनरी हिल्सला १९५८ पासूनचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येते.

आम्हाला ज्या डॉक्टर मॅडम मिळाल्या त्यांनी आधी एक्स-रे काढला, कारण आत काही अडकलं असेल तर जबरदस्तीने भरवायचं नसतं. अडकलेलं काही नव्हतं. मग कातडीखाली सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, आणि दर काही तासांनी सिरिंजने पातळ खाणं, गवतखाऊ प्राण्यांसाठी जी पावडर मिळते तिचं. सिरिंज समोरून नाही, बाजूने, पुढच्या दातांच्या मागे, थोडं थोडं. मी अन् मुलगी रात्रभर टॉवेलात गुंडाळून तिला भरवत होतो. पहाटे साडेचारला मिऱ्याएवढ्या तीन लेंड्या पडल्या तेव्हा पोरगी रडली, मी पण रडली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, रोज गवत किती खाते? मी म्हटलं, गवत तं देतच नाही. त्या मिनिटभर काहीच बोलल्या नाहीत. मग नीट समजावलं. सशाच्या खाण्यातलं ८०-८५ टक्के गवतच पाहिजे, पेलेट्स किलोमागे साधारण २५ ग्रॅम, बाकी हिरवा पाला. गवताचा लांब धागा आतडं ढकलत ठेवतो. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, ते गवत आडवं चावूनच झिजतात. आणि पोळी-चणे-बिस्किटाच्या पिठाने आतलं सगळं बिघडतं. कापशीच्या मागे नेहमी काहीतरी चिकट लागलेलं असायचं, मी त्याला जुलाब समजून ओआरएस द्यायची. ते जुलाब नव्हते. ससा दोन प्रकारचं टाकतो, एक कोरड्या लेंड्या आणि एक मऊ द्राक्षाच्या घोसासारखं, ते तो स्वतःच लगेच परत खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. पिठाचं-गोडाचं जास्त झालं की ते तसंच पडून राहतं आणि अंगाला चिकटतं.

आता गवताबद्दल. वाळलेल्या गवताला इंग्रजीत 'हे' (hay) म्हणतात, पण इथे 'हे' लिहिलं की वाचताना घोळ होतो म्हणून मी गवतच म्हणते. टिमोथी थंड प्रदेशातलं, विदर्भात काही होत नाही, माझ्या पाकिटावर माल अमेरिकेतला लिहिलं आहे. किंमत किलोला सहाशेच्या वर. सासूबाई बॅग बघून म्हणाल्या, "गवत बी इकत घेतात का वं पोरी? गावाहून पोतंभर कुटार आणून देतो म्हटलं असतं तं." पण तुरीचं-सोयाबीनचं कुटार म्हणजे शेंगांची टरफलं अन् धूळ, त्यात तो लांब धागा नाही. लसूणघास स्वस्त मिळतो, पण त्यात कॅल्शियम आणि प्रोटीन भरपूर, सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज दिला तर जास्तीचं कॅल्शियम लघवीतून जातं आणि तिथे गाळ होतो. सासूबाईंचीच दुसरी सूचना मात्र कामाची निघाली, गणपतीला निवडतात तशी हरळी. फवारा न मारलेली, कुत्री फिरत नाहीत अशा जागेची, धुऊन. ती कापशी आजही आधी खाते.

कटचं थोडक्यात, फर्स्ट कट जाड काड्यांचं, थर्ड कट मऊ पानांचं, सेकंड दोन्हीच्या मधलं. सेकंड घ्या. चांगल्या गवताला हिरवट रंग आणि गोडसर वास असतो. पिवळंफट्टक, कुबट किंवा झटकल्यावर धूळ उडणारं परत करा.

पहिले पाच दिवस तिने या गवताकडे बघितलं पण नाही. मी पेलेट्स एकदम बंद करायला निघाली होती, मॅडमनी अडवलं, उपाशी ठेवलं तर पोट परत थांबेल. मग तीन आठवडे हळूहळू पेलेट्स कमी केल्या, गवतात कोथिंबिरीच्या काड्या खोवल्या, बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्यात गवत कोंबलं. सहाव्या दिवशी रात्री खोलीतून कुरुकुरु आवाज आला. महिन्याभरात लेंड्या काळ्या-बारीकच्या सोनेरी-तपकिरी, मोठ्या, गोल झाल्या, फोडली तर आत गवताचा भुसा दिसतो. मागचा चिकटपणा पूर्ण गेला. फोडून बघायची किळस करू नका, सशाची तब्येत तिथेच कळते.

साठवण मात्र नीट करा. दुसरी बॅग मी कूलरजवळच्या रॅकवर ठेवली होती, आठवड्यात दमट वास मारायला लागली, सगळी फेकली. आता कापडी पिशवीत, कूलरपासून लांबच्या खोलीत, जमिनीपासून वर. पावसाळ्यात एका वेळी थोडंच काढायचं. डिलिव्हरीला नागपूरला पाच-सहा दिवस लागतात, म्हणून एक बॅग कायम हाताशी पाहिजे.

गवत सुरू केल्यावर त्रास पूर्ण संपला असं नाही. तान्ह्या पोळ्याला कॉलनीतली पोट्टे लाकडी बैल घेऊन बोजारा (सणाचा खाऊ-पैसे) घ्यायला घरी आली, कोणीतरी तिला दोन-तीन बिस्किटं चारली. संध्याकाळी लेंड्या बारीक अन् कमी दिसल्या, तिने कोथिंबीर हुंगून सोडली. यावेळी मी रात्रीची वाट नाही बघितली, तासाभरात क्लिनिकमध्ये होती. इंजेक्शन, सलाईन, आणि सकाळी ती खोक्यातून गवत ओढत होती. मॅडम म्हणाल्या पोट आता तयार आहे म्हणून लवकर सावरली.

साडेचार स्टार. अर्धा कापला कारण तिसऱ्या बॅगेत खाली मूठभर चुरा अन् धूळ निघाली, ती शिंकून राहिली होती, आणि फोटो पाठवूनही बदलून दिली नाही. मी आता प्रत्येक बॅग गच्चीवर चाळून मगच भरते. किलोची बॅग एका सशाला सांडलवंड धरून साधारण १५ दिवस जाते. सहावी कालच मागवली.