बर्डीचं नर्सिंग प्लेसमेंट ऑफिस: दोन स्टार, त्यातला दीड सिस्टरांचा

नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. पण नागपूरच्या बर्डीवर नर्सिंगच्या पोरींना नोकरी लावून देणारी जी दोन-चार ऑफिसं आहेत त्यातलं एक, दुसरा मजला, लिफ्ट बंद. मी मे महिन्यात गेली होती, वर पोचेपर्यंतच अर्धा जीव गेला होता.

माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, बाबा तर तो कागद घेऊन लॅमिनेट करायला निघालेच होते, मी दारातून परत आणला. आता आरएनआरएम, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आणि मिडवाइफ झाली म्हणजे हॉस्पिटलवाले दारात उभे राहतील असं घरच्यांना वाटत होतं आणि खरं सांगू तर मलाही. दीड महिना कोणाचा फोन नाही. मग रूममेट म्हणे चल, तिथं शंभर टक्के प्लेसमेंट आहे म्हणते तो माणूस.

रजिस्ट्रेशन फी 2500 रुपये. फॉर्मवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं की नोकरी लागली तर पहिल्या पगारातले अर्धे त्यांचे, हे काउंटरवर कोणीच सांगत नाही, मी सही करून झाल्यावर वाचलं, चूक माझीच. आणि वरून म्हणे ओरिजिनल सर्टिफिकेट जमा ठेवा ताई, "हॉस्पिटलला विश्वास बसते". मी नाही दिले. तुम्हीपण देऊ नका बाप्पा, झेरॉक्स द्या, सेल्फ अटेस्टेड द्या, पण ओरिजिनल आपल्याच फाइलमध्ये पाहिजे.

2500 मध्ये मिळालं काय तर 14 हॉस्पिटलांची यादी. त्यातले बहुतेक नंबर रिसेप्शनचे, जे गुगलवर फुकटात दिसतात, दोन लागलेच नाहीत आणि एक तर डोळ्यांचा दवाखाना निघाला जिथं पेशंट ॲडमिटच होत नाही. रेझ्युमेपण त्यांनीच बनवून दिला, वर ऑब्जेक्टिव्ह म्हणून चार ओळींचं इंग्रजी जे मलाच वाचता येत नव्हतं, खाली हॉबी म्युझिक. मी गाणं कधी गायलं नाही आयुष्यात.

पहिलं हॉस्पिटल त्यांनीच पाठवलेलं, 18 बेडचं नर्सिंग होम. पगार 10,000, एक वर्षाचा बॉण्ड आणि सही केलेला कोरा चेक. मी परत येऊन काउंटरवर सांगितलं तर तो माणूस हसून राहिला, म्हणे फ्रेशरला एवढंच भेटते. मी पैसे परत मागणार तेवढ्यात त्यानं विषय बदलला, आज शुक्रवार आहे, सिस्टर बसल्या आहेत आत, मॉक इंटरव्ह्यू देऊन घ्या.

आणि इथून माझा रिव्ह्यू बदलते.

आतल्या खोलीत एक रिटायर्ड सिस्टर बसतात, सरकारी नोकरीत आयुष्य गेलं त्यांचं, चष्मा नाकावर, डब्यात संत्र्याच्या फोडी. रेझ्युमे बघितला आणि पेनानं ऑब्जेक्टिव्ह काट मारून उडवलं, हॉबी उडवली. म्हणाल्या वर नाव, त्याखाली रजिस्ट्रेशन नंबर, मग कोणत्या वॉर्डात किती आठवडे पोस्टिंग केली ते लिही, लेबर रूममध्ये किती डिलिव्हरी बघितल्या, किती स्वतः केल्या ते आकड्यात लिही, मेट्रनला, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या वरच्या बाईला, तेच पाहिजे असते. अर्ध्या तासात रेझ्युमे एका पानावर आला.

मग प्रश्न. 500 एमएल सलाइन आठ तासात द्यायचं आहे, सेट एमएलला 20 थेंबांचा, मिनिटाला किती थेंब? मी कागद मागितला तर म्हणे पेशंट थांबणार आहे का तुझ्या कागदासाठी? (21 येते. आता झोपेतून उठवलं तरी सांगते.) सुई टोचली तर पहिले काय करशील? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं दाबून रक्त काढीन. बाई जी चिडल्या! दाबायचं नाही, चोखायचं नाही, साबण आणि वाहत्या पाण्यानं धू, लगेच इंचार्जला सांग, एचआयव्हीची पीईपी, म्हणजे लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधं, लागली तर जितक्या लवकर तितकी चांगली, 72 तासांच्या आत सुरू व्हायलाच पाहिजे. कॉलेजात शिकवलं होतं, पण डोक्यात तेव्हा बसलं. मग इन्सुलिन. लाल टोपीची सिरिंज 40 ची, म्हणजे एमएलला 40 युनिट, केशरी टोपीची 100 ची, 100 ची बाटली 40 च्या सिरिंजमध्ये तशीच भरली तर पेशंटला अडीच पट डोस जाते. हे त्यांनी मला तीनदा बोलायला लावलं.

सगळ्यात कामाची गोष्ट त्यांनी शेवटी विचारली, हे 18 बेडचं काऊन बघून राहिली तू? एम्सची नॉरसेट, नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा, द्यायची आहे की नाही? मी म्हटलं हाव, द्यायची तर आहे. मग त्या बोलल्या की जीएनएमवाल्यांना नॉरसेटला बसायचं तर कमीत कमी 50 बेडच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागते, बीएस्सीवाल्यांना ते नाही लागत. म्हणजे मी त्या नर्सिंग होममध्ये दोन वर्षं नाईट करून मेली असती तरी त्याचा आपल्या नागपूरच्या मिहानमधल्या एम्ससाठी शून्य उपयोग. आणि काउंटरवरचा माणूस सगळ्या जीएनएमच्या पोरींना 15-20 बेडवरच पाठवते. त्याला माहीत नाही की त्याला फरक पडत नाही, देव जाणे.

पगाराचंही त्यांनीच सांगितलं. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून कमिटी बसली होती, तिची शिफारस आहे की 50 बेडच्या खालच्या खाजगी हॉस्पिटलमध्येही नर्सला 20,000 च्या खाली देऊ नये आणि 200 च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीनं द्यावं. शिफारस हो, हातात कोणी देत नाही. पण 10,000 ऐकून आपण "ठीक आहे सर" म्हणतो ना, ते मी तरी बंद केलं.

दुसऱ्या दिवशी यादी फेकली आणि धंतोली, रामदासपेठ पायी फिरली, सहा झेरॉक्स सेट घेऊन, तोंडाला दुपट्टा बांधून. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न माझा, बेड किती? रिसेप्शनवर रेझ्युमे ठेवायचा नाही, मेट्रन ऑफिस विचारायचं, हेपण सिस्टरांचंच. चौथ्या ठिकाणी मेट्रन मॅडमनी तिथंच बसवलं. अर्धा वेळ लग्न ठरलं का, नाईट करशील का, घर कुठं, आणि मग हेपटायटिस बीचे तिन्ही डोस झाले का. इन्सुलिनचं विचारलंच नाही, मी वाटच बघत होती. 16,000, बॉण्ड नाही, 120 बेड, मेल मेडिसिन वॉर्ड.

आता ऑफिसवाला पहिल्या पगारातले अर्धे मागून राहिला, त्याच्या यादीत नसलेल्या हॉस्पिटलचे! मी नाही देणार. बाबा म्हणतात देऊन टाक, कटकट नको. मी म्हटलं सिस्टरांना देते हजार रुपये, यांना कशाला.

त्यांनी यादी-बिदी बंद करून नुसते सिस्टरांच्या तासाचे 300 घेतले ना, तर मी पाच स्टार देईन. सध्या फी भरल्याशिवाय आत सोडत नाहीत. सिस्टर मंगळवारी आणि शुक्रवारी असतात, अकरा ते एक. पाण्याची बाटली घरूनच न्या.